सुमनचा डबल बास आणि वालूरचे पाहुणे

मुलीच्या अंगी एखादी कला असल्याशिवाय तिला चांगलं घर मिळत नाही, आणि चांगलं घर मिळाल्यावर त्या कलेची गरज उरत नाही. ही व्यवस्था इतकी चोख आहे की तीत आजवर कुणाला दोष काढता आलेला नाही.

शहाऐंशी साली पालम भागात ही कला म्हणजे पेटी. दाखवायला बसवलेल्या शंभर मुलींपैकी नव्वद एकच भजन वाजवत (उरलेल्या दहांच्या पेटीचा भाता फाटलेला असे). बन्सीधररावांची सुमन मात्र डबल बास वाजवायची. तिचे काका दत्तराव सिकंदराबादच्या एका क्लबात उमेदीची वर्षं जाझ वाजवून गावी परतले, ते हे माणसाहून उंच, सारंगीच्या थोरल्या भावासारखं वाद्य रेल्वेनं घेऊन. चुडाव्याच्या स्टेशनावर खोका उतरवताना हमालांनी टोप्या काढून विचारलं, "कोण गेलं?"

सुमननं एकदा सहज त्याची जाड तार बोटानं ओढली. तो घुमारा बरगड्यांत शिरला आणि तिथंच राहिला. काकांनी शिकवलं, ती शिकली. बोटांना घट्टे पडले. आई गीताबाई ते मेंदीखाली झाकायच्या.

वालूरचे दिनकरराव मुलाला घेऊन पाहायला आले आणि बैठकीतलं ते धूड बघून दारातच थबकले.

"हे काय म्हणायचं?"

बन्सीधरराव तयारीत होते. "जाझमधला बास हाय. मागं उभं राहून वाजवायचा. ऐकणाऱ्याच्या ध्यानातबी येत न्हाई, पर सगळ्यांचा तोल ह्योच सांभाळतो."

"पुढं पुढं करत न्हाई?"

"अजिबात न्हाई."

दिनकररावांनी पत्नीकडे, सरजाबाईंकडे पाहिलं. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळल्याचं समाधान दोघांच्या चेहऱ्यावर पसरलं.

दत्तराव पेटीवर बसले, सुमन मागे उभी राहिली. पेटी पुढं चालली, बास खालून तिला उचलून धरत राहिला. दिनकररावांनी मान डोलावली (पेटीला). मुलानं पोहे जवळ ओढले. "पोरगी लय शांत हाय," सरजाबाई म्हणाल्या.

मग दत्तरावांनी पेटीवरचे हात उचलले. जाझमध्ये अशी एक वाईट खोड आहे: मधेच मागच्याला एकट्याला वाजवू देतात. (संसारात ती अजून शिरलेली नाही.)

थोडं वाजवून थांबावं, असं सुमनला वाटलं होतं. पण तिच्यासाठी इतकी माणसं कधी गप्प बसली नव्हती. ती तारेवरून खाली घसरली, एक जागा रिकामी सोडली, पुन्हा वर चढली. फळीवरची पितळी भांडी गुणगुणू लागली.

"बास," दिनकरराव म्हणाले.

"हां, बासच," दत्तराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सुमन चीज पुरी करूनच थांबली.

वालूरहून निरोप आला: मुलगी चांगली आहे, वाद्य पुढं पुढं करतं. बन्सीधरराव जेवले नाहीत. गीताबाई रडल्या. दत्तराव तेवढे म्हणाले, "मधी जागा सोडलीस, ती मी शिकिवली न्हवती."

"न्हाई काका. हात आपसूक थांबला. मग तसंच बरं वाटलं."

गावात बरेच दिवस चर्चा चालली: स्थळ पुन्हा येईल का, पोरीला पेटी शिकवावी का, बास माळ्यावर मावेल का. सुमननं वाजवलं कसं, हे कुणी विचारलं नाही. अडाणी माणसं.

वाचकांचं तसं नाही, ते रसिक आहेत. त्यांना फक्त एवढंच विचारायचंय, की पुढं तिचं लग्न जमलं का.