सायलेन्सरची अंतर्बाह्य स्वच्छता

'निगा' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. झाडांची निगा, दातांची निगा, म्हाताऱ्या माणसांची निगा. शब्द मूळचा फारसी आणि तिथे त्याचा अर्थ एवढाच: नजर. निगा राखणे म्हणजे लक्ष ठेवणे. बाह्या सरसावणे, हातात बादली घेणे, जिथे आजवर कोणाचे बोटही गेलेले नाही तिथे ब्रश घालणे, यांपैकी कशाचाही त्या शब्दात समावेश होत नाही. हे मला व्यवसायामुळे पक्के ठाऊक होते (मी एका शब्दकोशाच्या संपादन विभागात काम करतो). म्हणजे ज्या सकाळी पुढील प्रकार घडला, त्या सकाळी या शब्दाचा अर्थ माझ्याइतका काटेकोरपणे जाणणारा मनुष्य आमच्या गल्लीत तरी दुसरा नव्हता. त्या ज्ञानाचा मला काडीइतका उपयोग झाला नाही.

प्रकरण सासऱ्यांच्या गाडीचे. माझे सासरे पूल बांधणारे अभियंते. निवृत्त झाले, तरी एखादी वस्तू उभी आहे एवढ्यावरून ती भक्कम आहे असे ते अजूनही मानत नाहीत. जावयांनाही तोच नियम. त्यांनी आपली जुनी गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, डॉक्टरांनी गाडी चालवण्यास मनाई केली आणि ती कोणाकडे जावी असा प्रश्न निर्माण झाला. त्यांना मुली दोन. जावई अर्थातच तितकेच. थोरला मी. धाकटा, म्हणजे माझा साडू, दंतवैद्य. त्याच्या दारात एक गाडी आधीच उभी होती. पण म्हणून दुसरी नको, असे काही त्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही.

माझ्या बायकोला मात्र ती खरोखर हवी होती. ती मातीची भांडी घडवते: सुरया, कप, किटल्या. घरामागच्या खोलीत तिची भट्टी आहे आणि भाजलेली भांडी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात पोचवायला बसशिवाय मार्ग नव्हता. एकदा बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी तिच्या टोपलीवर आपली पत्र्याची पेटी टेकवली. तेव्हापासून आमच्या घरी कान नसलेल्या कपांतून चहा घेण्याची पद्धत रूढ झाली. गाडी आली आणि कप आपापल्या कानांसकट दुकानात पोचू लागले. बायको गाडी चालवताना गुणगुणू लागली. एवढे सुख एका गाडीत मावते हे मला ठाऊक नव्हते.

परंतु गाडी अजून आमची झालेली नव्हती. चावी देताना सासऱ्यांनी अट घातली होती.

"उन्हाळाभर ठेवा तुमच्याकडे. मग मी स्वतः येईन आणि माझ्यासमोर धुराची तपासणी करू. उतरली तर तुमची. नाही उतरली तर धाकटा घेऊन जाईल. गाडीची निगा राखा, जावईबापू."

उन्हाळा सरला. तपासणीचा दिवस उजाडला. सासरे साडूच्या गाडीतून न्याहारीनंतर यायचे होते आणि मला मोकळा वेळ होता. तेव्हा मी ठरवले की गाडी आज आपण स्वतःच धुवावी. निर्णय एवढाच. त्यात कोणाला काही आक्षेपार्ह दिसणार नाही.

"अहो," बायको खिडकीतून म्हणाली, "बोनेट उघडू नका."

"मी बोनेटला हातही लावलेला नाही."

"लावूही नका. आणि आत सीटवर पाणी मारू नका."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतात तर घरात बोलावून घेतलं असतं," असे म्हणून तिने खिडकी लावून घेतली.

मी शास्त्रशुद्ध क्रमाने धुतले. आधी टप, मग काचा, मग दारे, शेवटी चाके. पाखरांची कृपा आधी भिजवून मग हलक्या हाताने पुसली. दारात माझा चेहरा दिसू लागला (मूळ चेहऱ्यापेक्षा रुंद, पण ओळखू येईल असा). मी समाधानाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या बाजूला येऊन थबकलो.

तिथे ती नळी होती. तिला सारे जग सायलेन्सर म्हणते. मी तिच्या तोंडात बोट घातले. बोट काळेकुट्ट होऊन बाहेर आले.

आता विचार करा. तपासणारा मनुष्य टप पाहणार नव्हता, काचा पाहणार नव्हता. तो या एकाच ठिकाणी आपले यंत्र घालणार होता. आणि नेमके हेच ठिकाण मी आंघोळीवाचून सोडले होते. आपण दंतवैद्याकडे जाताना केस विंचरतो की दात घासतो? ही तुलना मला सुचली याचा त्या क्षणी मला अभिमान वाटला, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

बायकोच्या खोलीत सुरईच्या अरुंद गळ्यातून आत घालायचा एक लांब दांड्याचा ब्रश असतो. टोकाला नायलॉनच्या केसांचा गोल गोंडा, मागे तारेचा दांडा. तो मी आणला. गाडीचा शॅम्पू संपला होता, म्हणून न्हाणीघरातला आणला. बाटलीवर 'कोरड्या व निस्तेज केसांसाठी' असे लिहिले होते. नळी कोरडीही होती आणि निस्तेजही. मी हात आखडता घेतला नाही.

आरंभी फेस काळा आला. मग करडा आला. काळ्यावरून करड्यावर येणे म्हणजे प्रगतीच. माझा उत्साह दुणावला. मी ब्रश आणखी आत सारला, गोल फिरवला आणि ओढला.

दांडा बाहेर आला. गोंडा आला नाही.

भट्टीतला लांब चिमटा आणून मी त्याला पकडू पाहिले, तेव्हा तो आणखी आत सरकला. मग पाण्याची नळी लावली. कल्पना अशी, की पाण्याच्या जोराने गोंडा बाहेर पडेल. (जोर आतल्या दिशेने होता, हे नंतर ध्यानात आले.) पाणी आत पुष्कळ गेले, बाहेर फारसे आले नाही. आत बरीच जागा असावी, असा मी त्याचा अर्थ लावला. तेवढ्यात फाटकापाशी हॉर्न वाजला.

सासरे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात उतरले. त्यांनी बोनेटवरून हात फिरवला.

"बाहेरून तर बरी ठेवलीय."

"आतूनही," मी म्हणालो आणि लगेच पश्चात्ताप पावलो.

गोंड्याची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. पण बायको नवा कुर्ता घालून, चावी हातात घेऊन आली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की त्यात नायलॉनचा गोंडा आणून ठेवण्याचे धैर्य मला झाले नाही. आम्ही चौघे गाडीत बसलो. ती चालवत होती, शेजारी सासरे, मागे मी आणि साडू. पहिल्याच वळणावर गाडीच्या मागून आवाज येऊ लागला.

साडूने कान टवकारले. "दादा, ही गुळण्या करतेय."

"जुनी गाडी आहे," मी म्हणालो.

"माझ्याकडे असताना कधी केल्या नव्हत्या," सासरे पुढून म्हणाले. "पाऊस झाला का इकडे?"

"दव पडतं सकाळी."

"एवढं?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बायको आरशातून माझ्याकडे पाहू लागली.

तपासणी केंद्र म्हणजे पेट्रोल पंपाच्या कडेची पत्र्याची शेड. तिथल्या तपासनिसाने यंत्र सुरू केले आणि त्याची लांब सळई आमच्या नळीत घातली. सळई अडली.

"आत जात नाहीये."

"का?" सासऱ्यांनी विचारले.

"काहीतरी आडवं येतंय."

"पाखरू शिरलं असेल," साडू म्हणाला.

मी पंपावरची 'धूम्रपान करू नये' ही पाटी वाचत होतो. पाटी निर्दोष होती. तिच्यात फार वेळ काढता येईना.

"जोरात रेस करून बघू," तपासनीस म्हणाला. "मॅडम, मी सांगितलं की ॲक्सिलरेटर दाबा."

सासऱ्यांना दुरून दिसत नाही. म्हणून ते नळीच्या अगदी समोर जाऊन वाकले.

"बाबा, जरा बाजूला होता का?"

"का?"

"असंच."

"असंच म्हणून मी जागा सोडत नाही, जावईबापू. कारण सांगा."

कारण सांगायला मी तयार होतो. वाक्य कर्तरी प्रयोगात करावे की कर्मणी, एवढेच ठरत नव्हते. 'मी ब्रश अडकवून बसलो' यात कर्ता फारच ठळक होतो. 'ब्रश अडकवला गेला' यात तो सुखरूप राहतो. मी दुसऱ्या रचनेकडे झुकत असतानाच तपासनिसाने हात वर केला आणि बायकोने पाय दाबला.

गाडीने एक मोठी गुळणी केली. मग ठसका दिला. मग नळीतून सुगंधी, करडा फेस उसळला आणि त्याच्या पाठोपाठ बूच उडावे तसा गोंडा बाहेर पडून सासऱ्यांच्या बुटांपाशी गडगडत गेला. त्यांच्या सदऱ्यावर गळ्यापासून कमरेपर्यंत काळे शिंतोडे उडाले.

सासऱ्यांनी वाकून गोंडा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटांनी चाचपला.

"हे पाखरू नव्हे," ते म्हणाले.

बायको उतरून आली. तिने गोंडा हातात घेतला. "हा माझा सुरईचा ब्रश." मग तिने फेसाचा वास घेतला. "आणि हा माझा शॅम्पू."

"दादा," साडू अत्यंत सौम्यपणे म्हणाला, "कशासाठी?"

मी दंतवैद्याची तुलना सांगितली. सांगताना ती सकाळइतकी भक्कम वाटली नाही. साडू शेडच्या खांबाला धरून हसला.

"एरवी कधी न घासता फक्त तपासणीच्या दिवशी घासून येणारा पेशंट मी दारातच ओळखतो, दादा. पण ब्रश आत ठेवून आलेला अजून पाहिला नव्हता."

आमच्या मागे रांगेत थांबलेल्या गृहस्थांनी काच खाली केली. "इथे धुऊनही देतात का हो?"

सासरे मात्र हसत नव्हते. तपासनीस म्हणाला, की थोडा वेळ इंजिन चालू ठेवू, आतले पाणी जाऊ दे. नाहीतर उद्या या.

"उद्या नाही," सासरे म्हणाले. "ठरलं ते आज. जे निघेल ते निघेल."

इंजिन चालू राहिले. फेस विरळ झाला, मग नुसते पाण्याचे थेंब, मग वाफ. बायको स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाहत बसली होती, गुणगुणत नव्हती. मी तिच्या खिडकीपाशी गेलो.

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

"माहीत आहे. वाक्य जुळवत असाल."

इतक्या वर्षांच्या सहवासात माणूस किती उघडा पडतो, हे मला त्या वाक्याने जाणवले. गाडी साडूच्या दारात गेली तर उद्यापासून पुन्हा बस, पुन्हा टोपली, पुन्हा कोणाची तरी पेटी. आणि याला कारण एक नायलॉनचा गोंडा नसून मी, हे मला कर्तरी प्रयोगात स्पष्ट दिसत होते.

सळई पुन्हा आत गेली. यंत्रावर आकडे हलले आणि स्थिरावले. तपासनिसाने ते पाहिले, मग गाडीकडे पाहिले, मग पुन्हा आकड्यांकडे.

"उतरली. छान आहे. नव्या गाड्याही इतक्या चांगल्या नसतात."

"पुन्हा बघा," सासरे म्हणाले.

पुन्हा तेच निघाले. मी सदरा नीट केला.

"शेवटी आतली स्वच्छता—" मी आरंभ केला.

"ऑक्सिजनचा सेन्सर गेला होता, बाबा," बायको म्हणाली. "गॅरेजमध्ये नेऊन बदलून घेतला. एअर फिल्टरही नवा टाकलाय. तेल वेळेवर बदलते."

"तुला कसं कळलं सेन्सरचं?"

"समोर पिवळा दिवा लागत होता ना."

त्या दिव्याची आणि माझी ओळख होती. "तो?" मी म्हणालो. "मला तो शोभेचा वाटला."

"हो. 'रात्री बरा दिसतो' म्हणाला होतात."

तेव्हा कुठे सासरे हसले. शिंतोडे उडालेल्या सदऱ्यासकट ते हलत हलत हसले आणि डोळे पुसत मुलीला म्हणाले, "चावी तुझ्याकडेच राहू दे, बाळ. गाडी तुझी."

अट घालताना त्यांनी 'तुमची' म्हटले होते. आता 'तुझी' म्हणाले. शब्दातला हा बदल माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आला नाही, आणि मी तो कोणाच्या लक्षात आणूनही दिला नाही. परतताना बायको गुणगुणत होती. मला तेवढे पुरेसे होते.

ही हकिकत आता साडू प्रत्येक कौटुंबिक मेळाव्यात सांगतो आणि तिच्यात पुष्कळ अशुद्धे शिरली आहेत. फेस शेडच्या पत्र्यापर्यंत गेला नव्हता. कमरेच्या वर तो क्वचितच आला असेल. गोंडा सासऱ्यांच्या टोपीवर बसला नव्हता; त्या दिवशी त्यांनी टोपी घातलीच नव्हती. पण सर्वांत मोठी चूक शेवटी होते. साडू म्हणतो, की त्या दिवसापासून मला गाडी धुण्याची कायमची बंदी आहे. हे निखालस असत्य आहे. मी दर रविवारी गाडी धुतो आणि बोनेटपासून मागच्या दारापर्यंत मला पूर्ण मोकळीक आहे. त्यापुढची हद्द बायको खडूने आखून देत असे; परंतु धुण्याच्या ओघात ती रेघ मीच पुसून पुढे जातो असे आढळल्यावरून आता तिथे तिने लाल चिकटपट्टी लावली आहे.