शंभरावा बिल्ला

छंदात माझा हात धरणारा कुणी नाही, हे आधीच सांगून टाकतो!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चिल्लर दिसेनाशी झाली, तेव्हा दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी स्वतःचे बिल्ले द्यायचे. मी ते जमवतो. खाटकाचा आहे, न्हाव्याचा आहे, कोळसेवाल्याचाही आहे. नव्हता तो फक्त आमच्याच गल्लीतल्या बेकरीचा! अकरा वर्षं शोधला आणि परवा भंगारवाल्याच्या खिळ्यांच्या डब्यात सापडला. पितळी, वर ‘एक पाव’ असं कोरलेलं.

खात्री करायला मी थेट बेकरीत गेलो आणि बिल्ला काउंटरवर ठेवला.

"तुमच्या आजोबांचाच ना हा?"

बेकरीवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला, मुठीत घेतला आणि माझ्या हातात पाव ठेवला.

"अहो, पाव नको! बिल्ला द्या!"

"गरम हवाय का?" त्याने पाव बदलला.

"परत द्या हो!"

"बरोबर आहे, फार वर्षं थांबलात." त्याने आणखी एक पाव दिला.

रांगेतल्या मागच्या बाई कडाडल्या, "युद्ध कधीच संपलं! तुमचं अजून चालूच?"

तेवढ्यात त्याने हातोडी काढली. परत आलेला बिल्ला पुन्हा चालू नये म्हणून ठेचायचा, ही म्हणे त्यांच्या घरची रीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं!

"थांबा! अकरा वर्षं शोधलाय मी तो!"

हातोडी थांबली. "आणि आम्ही तीन पिढ्या! आजोबांनी शंभर काढले, नव्व्याण्णव परत आले. जाईपर्यंत म्हणायचे, ‘कुणाचा तरी पाव माझ्याकडे राहिलाय रे.’" त्याने डोळे पुसले आणि बिल्ला माझ्यापुढे धरला. "पण वस्तू तुमची. न्या."

त्याच्या डोक्यावर भिंतीला ठेचलेल्या बिल्ल्यांची माळ टांगलेली होती. आजवर मला ती नुसती पितळी शोभा वाटायची!

"ठोका," मी म्हणालो. हे मीच बोललो, यावर माझा अजून विश्वास नाही.

एकच घाव बसला. मग त्याने माझे दोन्ही हात पावांसकट धरले आणि सोडेचना. मलाही भरून आलं. इतकी वर्षं जमवाजमव केली, पण त्याबद्दल आभार मानणारा हा पहिलाच माणूस!

घरी येऊन पडल्या चेहऱ्याने सगळं सांगितलं. बायकोने पावाचा वास घेतला.

"तुमच्या छंदातून घरात पहिल्यांदाच काहीतरी खाण्याजोगं आलं! भलं होवो त्या आजोबांचं!"

एक पाव मी आठवण म्हणून कपाटात बिल्ल्यांशेजारी ठेवला होता. चहाबरोबर तोही संपला. मीच खाल्ला.