शेवटचा भाग न बघू देणारे खंडूतात्या

आमच्या टीव्हीवर कुठल्याच मालिकेचा शेवट आम्ही धड पाहिला नाही, आणि त्याला जबाबदार शेजारचे खंडूतात्या. बिघडलेला मुलगा आईच्या पायांवर पडला, मागं सनई वाजू लागली, सगळं कुटुंब डोळे पुसत एकत्र आलं की तात्या सतरंजीवरून उठत आणि टीव्ही बंद करत. टीव्ही आमचा, पण हात असा पडे की जणू त्यांनीच तो हप्त्यानं घेतलाय.

"झालं! रडला की सुटला!" ते गरजत. "ज्याचं वाटोळं केलं, त्याला इचारलं का कुणी?"

तात्या चिकलठाण्याच्या एका कारखान्यात वॉचमन होते. जन्म मेंढरांत गेलेला, त्यामुळं मालिकेतली माणसं त्यांना कळपासारखीच दिसत. कान भरणारी नणंद म्हणजे गोचीड. दोन घरं करणारा साहेब म्हणजे भटकं मेंढरू. सगळं दिसत असून गप्प बसणारा घरचा कर्ता म्हणजे 'नुसता दाढीचा बोकड'. या बोकडावर त्यांचा राग सगळ्यात जास्त. त्याला समजावं म्हणून ते हिंदीतून विचारत, "ओ बाबूजी, मुंह में गुळणी पकड़ी है क्या?"

हा संताप नुसता टीव्हीवरचा नव्हता, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. तात्या आणि आम्ही पाचोडकडच्या एकाच गावचे. ते धनगर, आम्ही बौद्ध. विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली तेव्हा आमच्या वस्तीतली घरं जाळली गेली, त्यात आमचंही होतं. रॉकेलचा डबा ज्यांच्या हातात होता त्यांत तात्यांचा धाकटा भाऊ म्हाळू होता. त्याच्या बाळंतपणातच आई गेलेली. तात्यांनी त्याला शेळीच्या दुधावर, खांद्यावर घेऊन रानोमाळ हिंडवत वाढवलेलं. त्या जाळपोळीनंतर तात्यांनी मेंढरं विकली आणि आमच्या मागोमाग शहरात आले. "तो येऊन तुमच्या दारात हात जोडील, तवाच त्याच्याशी बोलीन," असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं. तात्यांनी लग्न केलं नाही आणि भावाचं नावही पुन्हा घेतलं नाही.

अशा माणसाला शेवटच्या भागातली माफी कशी झेपावी? एका मालिकेत घरच्या धाकट्यानं हार चोरला आणि आळ घेऊन हाकलला गेला तो नोकर रामदीन. तात्या दर आठवड्याला विचारत, "रामदीन कुठंय?" रामदीन काही पुन्हा दिसला नाही. शेवटच्या भागाला चाळीनं कट करून तात्यांना टीव्हीपासून लांब, दाराशी बसवलं. धाकटा आईच्या गळ्यात पडला आणि अख्ख्या चाळीतली वीज गेली. अंधारात जिन्यातून तात्यांचा आवाज आला, "आधी रामदीनला आणा! मंग फ्यूज देतो!"

"अरे बावा, वो टीवी में है," चाळीतल्या नूरबी खाला कपाळाला हात लावून म्हणाल्या. "उसकू किधर से लाना?"

सगळे हसले. मला मात्र तात्यांचं पटलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि जगातल्या सगळ्या रामदीनांच्या बाजूनं चिडलेली होते.

मग एका रविवारी दुपारी म्हाळू आला. अंगानं वाळलेला, हातात पिशवी. गॅलरीत आला आणि त्यानं थेट तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "दादा, चुकलो," म्हणत हमसून रडायला लागला. चाळ दारादारांत येऊन उभी राहिली.

तात्यांनी पाय मागं घेतले. "माझं काय जाळलंस तू? ते पलीकडचं दार हाय. तिकडं जा."

पलीकडचं दार आमचं. दारात वडील उभे होते. म्हाळूनं त्यांच्याकडं पाहिलं. वडील वाट मोकळी करून बाजूला झाले. म्हाळू उठला, पिशवी उचलली, मान खाली घातली आणि जिना उतरून गेला.

एवढंसं अंतर, आणि तेही चालवलं नाही त्याच्यानं!

तेवढ्यात तात्या आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आले. "वैनी, दोन भाकरी देता का?"

"कुणाला?"

"त्याला. गावाकनं उपाशीच निघाला आसंल. माझी चूल पेटली नाय आज."

आईचा हात परातीतच थांबला.

"आई, देऊ नको!" मी ओरडले. "त्यानं आपलं घर जाळलंय."

"मला नाय का ठावं?" आई म्हणाली. तिनं गरम भाकरी उतरवल्या, त्यांवर ठेचा ठेवला आणि फडक्यात बांधून दिल्या. तात्यांनी सायकल काढली आणि स्टँडकडं सुटले.

परतले ते दिवस कलल्यावर. आमच्या उंबऱ्यावर बसले. आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "भेटला का?"

"खिडकीतनं दिल्या. बोललो नाय त्याच्याशी. एवढंच म्हनलं, वैनीच्या हातच्या हायेत." पाण्याचा तांब्या तसाच त्यांच्या हातात होता. "घेतल्या त्यानं. मांडीवर ठिवल्या. तेवढ्यात गाडी सुटली."

"मंग?"

"पळालो की गाडीमागं. नाक्यापातुर पळालो. पन खातोय का भाईर टाकतोय, ते काय दिसंना."

टाकल्याच असणार, असं मी म्हणणार होते. आईनं मला नजरेनंच अडवलं.

"टाकल्या नसतील, भावजी," ती म्हणाली.

म्हाळू पुन्हा आला नाही. गावाकडून कुणी आलं तरी तात्या त्याच्याबद्दल विचारत नसत. पण कधीमधी, काही काम नसताना ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहत. इकडचं तिकडचं बोलत आणि मग हळूच म्हणत, "वैनी, टाकल्या नसतील ना वो?"

आणि आई, जिचं घर जळलं होतं ती, भाकरी थापता थापता म्हणायची, "नाय वो. भुकेला होता. खाल्ल्या आसतील."