अप्पांच्या केकला नावं ठेवा

आम्हा मायलेकींना लातुरात जागा दिली ती गंगाधरअप्पांनी. हे अगोदरच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांची थट्टा करणार आहे, आणि बाई उपकार विसरली असं कुणी म्हणायला नको. हिमायतनगरहून दोन पेट्या, एक गॅसची शेगडी आणि अकरावी सायन्सची एक मुलगी घेऊन मी आले, तेव्हा गल्लीतल्या दर घरावर 'मुलींसाठी रूम' अशी पाटी होती आणि दर घरमालक आधी पोरीचे दहावीचे मार्क विचारत होता. मार्क कमी असले तर भिंतीला डाग पडतात की काय कोण जाणे. अप्पांनी मार्क विचारले नाहीत. त्यांनी बशी पुढं केली. बशीत एक काळपट, चौकोनी तुकडा होता.

"खावा, आन् नावं ठेवा," अप्पा म्हणाले.

मी त्या तुकड्याकडं बघत बसले. मला वाटलं, बारशाला ठेवतात तसं नाव ठेवायचं आहे. घाबरत म्हणाले, "बर्फी?"

"बर्फी न्हाई ओ ताई! हुलग्याचा केक हाय. आता त्यात वाईट काय हाय ते सांगा."

मी आठवीत शाळा सोडलेली बाई. परकं गाव, हातात पेटी, शेजारी उन्हानं लाल झालेली पोरगी. ज्याच्याकडं जागा मागायची त्याच्या पहिल्या घासाला वाईट म्हणायची माझी काय टाप? तसा तो केक ओल्या पोत्यासारखा लागत होता. मी घास गिळला आणि म्हणाले, "लई छान हाय."

अप्पांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, गेली खोली. पण चावी दिली त्यांनी. देताना एवढंच म्हणाले, "तुमी बी त्यातल्याच."

कशातल्या, ते मला फार उशिरा कळलं.

अप्पांचं सगळं आयुष्य डाळमिलमध्ये गेलं. तूर, हरभरा, मूग, मसूर यांच्या धुळीत तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर माणसानं डाळीचं तोंड पाहू नये. अप्पा रिटायर झाले आणि डाळीचे केक करायला लागले. राजम्याची ब्राउनी, मसुरीची बिस्किटं, मुगाचे मफिन, मटकीचं पुडिंग. मैदा दारात येऊ द्यायचा नाही. साखरेऐवजी गूळ, नाहीतर खजूर. अंडं तर त्यांच्या घरात चालतच नाही. मोबाइलवर कुणी परदेशातली बाई इंग्रजीत केक करत असायची आणि अप्पा तिला मराठीत दम भरायचे, "अगं बाई, तेल कशाला वतून राहिलीस इतकं?"

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "गोडाला कणा पायजे." कणा म्हणजे प्रोटीन, आणि प्रोटीनला ते 'परोटीन' म्हणत. रसगुल्ला? कणा न्हाई. जिलेबी? कणा न्हाई. पुरणपोळी आली की मात्र हात जोडायचे. "आपल्या बायांनी डाळीला गूळ लावला तवा या परदेशवाल्यांला परोटीनची स्पेलिंग बी येत नव्हती." मग हळू आवाजात, "मला बी येत न्हाई म्हना."

केक करणारे पुष्कळ असतात. पण केल्यावर शिव्या मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दूधवाला आला, धर बशी, ठेव नावं. गॅसवाला आला, धर बशी. तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा, आणि अप्पा विचारतायत, "गूळ जास्ती झाला का? कडवट लागतो का मागून? घशाला चिकटतो का? काही तर बोला!" गॅसवाला शेवटी वैतागून म्हणाला, "अप्पा, दात हललाय माझा ह्यानं." अप्पांनी त्याला आणखी दोन तुकडे कागदात बांधून दिले. बक्षीस म्हणून.

जो छान म्हणेल त्याला दुसऱ्यांदा विचारत नसत. त्या हिशेबानं गल्लीत सगळ्यात नालायक खाणारी मी. मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. माझी ती सवयच होती. आठवीत शाळा सुटल्यापासून जे समजत नाही त्याला मी छान म्हणते. क्लासच्या सरांनी फी समजावली, छान. डॉक्टरनं गोळ्या समजावल्या, छान. वैष्णवी फिजिक्सची वही घेऊन यायची, "आई, हे बघ," म्हणायची. मी बघायचे. बाण काढलेले असायचे, चाकं काढलेली असायची. मी म्हणायचे, "छान काढलीस चाकं." ती वही मिटून आत जायची आणि मला वाटायचं, पोरगी खूश होऊन गेली.

पहिली दिवाळी झाली आणि क्लासनं पोरांच्या बॅचेस बदलल्या. परीक्षेत मागं पडलेल्यांना खालच्या बॅचमध्ये टाकलं. वैष्णवी त्यात गेली. घरी आली, दप्तर ठेवलं, झोपली. मी म्हणाले, "होऊ दे, छानच झालं, तिथं गर्दी कमी असंल."

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही. हं, नको, झालं, एवढेच शब्द. ताटात भाकरी तशीच राहायची. हिमायतनगरहून तिच्या बाबांचा फोन आला की "बरी आहे" म्हणून फोन माझ्याकडं द्यायची. गल्लीत त्याच सुमाराला एक मुलगा कुणाला न सांगता क्लास सोडून निघून गेला होता. त्याचे आईवडील स्टँडवर, स्टेशनवर फोटो दाखवत फिरले. सापडला तो, पण माझी झोप गेली ती गेलीच. मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत पडायचे. घरी परत न्यावं तर पोरीचं वाटोळं केलं म्हणतील, ठेवावं तर काय होईल सांगता येत नाही. विचारावं तर काय विचारावं? चाकांबद्दल?

अप्पांनी लांबूनच निदान केलं. "परोटीन कमी पडलं पोरीला."

आणि मग त्यांचा कारखाना सुरू झाला. रोज दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ओव्हन पेटायचा. मधेच लाइट जायची, केक अर्ध्यावर बसायचा, अप्पा महावितरणच्या सात पिढ्यांना कणा नसल्याचं सांगायचे. संध्याकाळी वैष्णवी क्लासवरून आली की दारात बशी. "अक्का, नावं ठेव." खोलीत राहायला आलेल्या पोरींना ते अक्काच म्हणत. वैष्णवी एक कण तोंडात टाकायची आणि खाली बघत म्हणायची, "छान आहे अप्पा."

अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, पोरीला बी लावलं का तुमी ते?"

मला राग आला. कुणाला चांगलं म्हणायला शिकवलं तर त्यात वाईट काय?

एका दुपारी मी अंगणातल्या ओट्यावर आले तर तिथं पातेलं झाकून ठेवलेलं. झाकण काढलं. आत हरभरे शिजवलेलं दाट, पिवळसर पाणी. अप्पा गूळ आणायला गेलेले. आता मला सांगा, आपल्याकडची कुठली बाई असं पाणी बघून गप्प बसेल? आम्ही त्याची येळवणी करतो, कटाच्या आमटीसारखी. मी म्हणाले, म्हातारा माणूस, विसरला असंल, वाया जाईल. लसूण ठेचला, खोबरं भाजलं, चिंच टाकली, चरचरीत फोडणी दिली. उपकाराची थोडी तरी फेड करते आहे या आनंदात मी पातेलं त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

अप्पा आले, झाकण उघडलं आणि तिथंच बसले.

"ताई, ह्येचा फेस करायचा व्हता ओ!"

"येळवणीचा फेस?"

"अंड्याच्या जागी! रवीनं घुसळलं की पांढरा धप्प फेस होतो, त्यानं केक फुगतो. सकाळपासून आटवून थंड करून ठिवलं व्हतं म्या!"

मी रडायचीच बाकी होते. जागा सोडून जाते म्हणाले, हरभरे विकत आणून परत शिजवते म्हणाले. अप्पांनी वाटी भरून येळवणी प्याली, दुसरी प्याली, नाक पुसलं आणि म्हणाले, "केक बिनफेसाचा करू. काय व्हईल ते व्हईल."

जे व्हायचं ते झालं. केक फुगलाच नाही. वरून तडकला, आत गिच्च राहिला. संध्याकाळी वैष्णवीच्या हातात बशी गेली. तिनं कण नाही, चांगला घास घेतला, कारण त्या दिवशी ती जेवलीच नव्हती. चावायला लागली. थांबली. तोंड वेडंवाकडं केलं.

"अप्पा, हे काय आहे?"

"हरभऱ्याचा केक."

"हे पिठलं आहे! गूळ टाकलेलं गार पिठलं! असं कुणी खातं का?"

मी कळवळून ओरडले, "वैष्णवी! मोठ्या माणसाला असं बोलून राहिलीस?"

"मग काय छान म्हणू?" ती माझ्याकडं वळली. "तू म्हण! तू सगळ्याला छान म्हणून राहिलीस! मला खालच्या बॅचमध्ये टाकलं तरी छान! मला तिथं काही समजून नाही राहिलं, आई. सर फळ्याकडं तोंड करून बोलतात. मला घरी जावं वाटून राहिलं आणि तू म्हणतीस छान! तुला समजत नाही तर नाही समजत म्हण ना!"

तिचा आवाज गल्लीत गेला असणार. मी तिला आत ओढायला हात पुढं केला, तर अप्पांनी मधे काठी आडवी धरली.

"बोलू द्या. अक्का, अजून बोल. पिठलं तर पिठलं. अजून?"

ती अजून बोलली. केकवर बोलली, क्लासवर बोलली, खोलीतल्या उकाड्यावर बोलली, माझ्या भाजीतल्या मिठावर बोलली. बोलता बोलता तो गार पिठल्याचा केक सगळा खाल्ला. मग हुंदके देऊन रडली. मी तिला जवळ घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "मला त्यातलं काहीच समजत नाही गं. ती चाकं कशाची असतात?"

"पुली असतात त्या, आई," ती रडत रडत म्हणाली, आणि दोघींना हसू आलं.

ती झोपल्यावर मी अप्पांची माफी मागायला गेले. अप्पा खुशीत होते, ओव्हनची जाळी घासत होते.

"माफी कशाची? किल्लारीकडं आमचं गाव. भूकंप झाला तवा म्या इथं मिलमधी, बायको आन् पोरगी महानंदा गावात. महानंदाची आई गेली. महानंदाला दगडाखालून काढलं. सात वर्षांची. लागलं न्हाई फार, पन बोलणं बंद. पत्र्याच्या शेडात नुसती बघत बसायची. मुंबईकडनं मदतीची गाडी आली व्हती, त्यात केक व्हते. एक तिनं हातात धरला. खाल्ला न्हाई आन् सोडला बी न्हाई, पार वाळून गेला. म्या म्हणलं, आपण करू. मिलमधलं हरभऱ्याचं पीठ, गूळ, डबा चुलीवर. तोंडात घातला आन् थुकली. म्हणली, 'अप्पा, ह्यात माती हाय.'"

त्यांनी जाळी खाली ठेवली.

"म्या म्हणलं, हाय गं माय, हाय माती. अजून बोल."

 मी विचारलं, "आता कुठं असते महानंदा?"

"पुण्याला. शिकली तिकडंच, नोकरी बी. दर आठवड्याला पार्सल धाडतो. रविवारी फोन येतो." अप्पांनी परत जाळी उचलली. "'छान होता अप्पा.' दर रविवारी छान. पाव्हण्यावाणी बोलती ओ."

वैष्णवी अजून खालच्याच बॅचमध्ये आहे. पण आता घरात तिची कटकट दिवसभर चालते आणि मी ती देवाच्या आरतीसारखी ऐकते. पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही, भीती तर आहेच.

पण एक ठरवलं आहे. अप्पांच्या नजरेला आता बारीक दिसत नाही, म्हणून पार्सलवरचा पुण्याचा पत्ता मीच लिहिते. तो मला पाठ झाला आहे. पोरीची परीक्षा होऊ दे. तिला हिमायतनगरच्या गाडीत बसवीन आणि मी पुण्याची गाडी धरीन. ओळख ना पाळख, महानंदाच्या दारात उभी राहीन आणि सांगेन, बाई, मला इंग्रजी येत नाही, फिजिक्स येत नाही, पण एक सांगायला आले आहे : चल, तुझ्या बापाशी भांडायला चल. ती नाही म्हणाली तर तिथंच पायरीवर बसेन. अप्पा, तुमचं हे एवढं मी करणार आहे.