पाठकोऱ्या पत्रिका

दयारामने छऱ्याच्या बंदुकीसाठी घरच्या घरी कागदी निशाण बनवायला घेतलं, तेव्हा त्यामागे कोणताही राजकीय हेतू नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे हे सांगायची संधी त्याला कोणी दिली नाही.

मलकापूरच्या पुढे नळगंगेच्या अंगाला त्याचं वांग्याचं शेत होतं. घरात तो आणि अकरावीतली मुलगी मनाली. बायको मंजुळा गेल्या पोळ्याच्या आधी गेली. तेव्हापासून बापलेकींना एकमेकांशी काय बोलावं ते सुचत नव्हतं, कारण तिघांच्या वतीने बोलायचं काम मंजुळा एकटी करत असे.

मनाली कॉलेजात नेमबाजी शिकत होती. सरावासाठी सरांनी तिला एक जुनी छऱ्याची बंदूक घरी दिली होती. संध्याकाळी गोठ्यातल्या भुशाच्या पोत्यांवर निशाण लावायचं, तिने नेम धरायचा, बंदूक खाली ठेवायची, मग दयारामने जवळ जाऊन पाहायचं आणि ओरडायचं, "आठ!"

"नऊ हाय, बाबा. नीट पाहा."

"रेघीच्या बाहीर हाय."

"चष्मा पुसा आधी."

मोहरीएवढ्या भोकावरून दोघं भांडत. त्या घरात दिवसभरात होणारं बोलणं एवढंच. बंदूक गेली असती, तर घरात बोलायला फक्त कुकर उरला असता.

विकतची निशाणं नागपूरहून यायची आणि एका संध्याकाळी संपायची. दयारामने वर्तमानपत्र लावून पाहिलं. ते टरकायचं, भोक कुठे आणि बातमी कुठे ते कळायचं नाही. खोक्याचा पुठ्ठा छरा गेल्यावर पुन्हा मिटून जायचा, जसं काही झालंच नाही. शेवटी उपाय सुचवला गावातल्या गजेंद्रच्या बहिणीने. ती मनालीची मैत्रीण. रोज गोठ्याच्या दारात बसून शेंगा खात नेम पाहायची.

"काका, लग्नाच्या पत्रिका काऊन नाही घेत? जाड रायतात, अन् मांगून कोऱ्या."

एवढं बोलून ती थांबली नाही. घरोघर फिरून पोतंभर जुन्या पत्रिका तिने आणून टाकल्या.

दयाराम कामाला लागला. दिव्याचं काजळ धरलं, खळीत कालवलं. मोठ्या गोलाला मंजुळाच्या करंड्याचं झाकण बरोबर मापाचं निघालं. आतल्या गोलांना बाटलीचं बूच आणि सदऱ्याची बटणं. मधल्या दहाच्या ठिपक्याला आगकाडीचं टोक. पत्रिकेला पडलेलं भोक असं गोल आणि स्वच्छ यायचं, की सरांनी त्यातली दोन कॉलेजात नमुना म्हणून लावली.

पण दयाराम पापभीरू माणूस. प्रत्येक पत्रिकेवर वर गणपती होता. देवावर छरा कसा मारायचा? त्याने गणपती कापून नदीत सोडले. त्याखाली नवरा-नवरीची नावं होती. भरल्या संसाराला भोक पाडणं अपशकुन, म्हणून तीही कापून वेगळी ठेवली. आई-वडील, मामा, आजोबा हेही माणसांतलेच, तेही काढले. एवढं सगळं पवित्र काढून घेतल्यावर पत्रिकेचा जो भाग उरला, तो बऱ्यापैकी मोठा होता. त्यावर 'प्रमुख उपस्थिती' अशा मथळ्याखाली नेत्यांची नावं होती. ती कोणाच्या नात्यातली नव्हती. दयारामला वाटलं, ही बिनकामाची जागा.

गजेंद्र सभापती महादेवरावांचा कार्यकर्ता होता. त्याचा तोच धंदा. शेती त्याचा बाप करायचा. एका संध्याकाळी तो बहिणीला बोलवायला आला आणि त्याने बाजेवरचं एक निशाण सहज उचलून उजेडात धरलं.

"काका, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"निशाण."

"कोणावर?"

"कागदावर, दुसरं कोणावर?"

"मांगं पाह्यलं का? महादेवरावायच्या नावातून आरपार! महा राह्यला, राव राह्यला, मधातला देव उडाला!"

"देव तं म्या आधीच काढून घेतले होते," दयाराम प्रामाणिकपणे म्हणाला.

"दादा, तिचा नेम तं पाह्य," बहीण म्हणाली. "दहाच्या दहा मधात हायेत."

"म्हणूनच तं! चुकून लागलं असतं तं मी समजून घेतलं असतं. तू चाल घरी."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत तंटामुक्ती समितीची तातडीची बैठक बसली. गावात तंटा नव्हता, त्यामुळे समितीला बऱ्याच दिवसांत काम नव्हतं. अध्यक्ष कचरू पाटलांनी पहिलं काम म्हणून बंदूक समितीच्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि मग आरोप काय आहे ते विचारलं.

महादेवराव तीन गाड्या घेऊन आले. सतरंजीवर सगळी निशाणं पालथी मांडली गेली. गजेंद्र एकेक उचलून वाचू लागला. "महादेवराव, छातीत... म्हणजे नावाच्या छातीत. महादेवराव, काना उडाला. महादेवराव, पुन्हा मधात." जसजशी भोकं निघत गेली, तसतसा महादेवरावांचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात विरोधी गटाचे रामराव मजा पाहायला आले. थोडा वेळ त्यांनी मजा पाहिली. मग गजेंद्रच्या कानाशी लागून हळूच विचारलं, "माह्यं किती हायेत?"

"तुमचं एकबी नाही."

"एकबी नाही?"

"तुमचं नाव खालतं कोपऱ्यात रायते. तितलोग तिचा छरा जातच नाही."

रामराव उभे राहिले. "म्हणजे या तालुक्यात मले कोणी गोळी घालाच्याही लायकीचं समजत नाही? याच्यात कट हाय!"

हे ऐकल्यावर महादेवरावांचा उतरलेला चेहरा चढू लागला. त्यांनी एक निशाण हातात घेऊन भोकातून रामरावांकडे पाहिलं. "लोकायच्या मनात मी मधोमध हाय, त्याले मी काय करू? पोरगी बी काय करन? नेम धरला की मीच लागतो."

"मी रामरावायले बी मधात घेतो," दयाराम घाईने म्हणाला. "अर्ध्या पत्रिका अशा कापतो, अर्ध्या तशा. पण बंदूक तेवढी द्या. अमरावतीले निवड चाचणी हाय तिची."

हे कोणालाच पटलं नाही. रामरावांना अर्ध्या कमी वाटल्या आणि महादेवरावांना त्या जास्त वाटल्या. दुपारपर्यंत खऱ्याखुऱ्या तंट्याला सुरुवात झाली आणि समितीला आपण असल्याचं सार्थक वाटलं. चहाच्या तिसऱ्या फेरीनंतर कचरू पाटलांनी ठराव वाचला:

"सर्वानुमते असे ठरले की, मान्यवरांच्या नावामागील जागा कोरी राहिल्यामुळेच सदर गैरप्रकार उद्भवला. सबब यापुढे गावात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर दोन्ही बाजूंनी मान्यवरांची नावे टाकण्यात यावीत व कोठेही कोरी जागा ठेवू नये. सन्मानाची समान वाटणी म्हणून पुढील बाजू महादेवरावांच्या गटास व मागील बाजू रामरावांच्या गटास देण्यात यावी. जुन्या पत्रिका समितीत जमा कराव्यात. बंदूक परत करण्यास समितीची हरकत नाही. मात्र छरा फक्त कोऱ्या जागेवर मारावा."

"पण कोरी जागा तं ठेवाचीच नाही म्हंता," दयाराम म्हणाला.

"तो ठरावाचा वेगळा भाग हाय."

"मंग पोरीनं मारावं कुठी?"

"दयाराम, कायद्यानं तुले बंदूक देल्ली. आता सगळंच कायद्यानं करावं का? थोडं घरीबी पाहत जाय न बे."

बंदूक घरी आली. पोतं समितीत गेलं. गोठ्यात फक्त म्हशीच्या रवंथाचा आवाज राहिला. मनाली बंदूक पुसायची आणि ठेवून द्यायची. दयाराम "जेवाले घे" म्हणायचा आणि ती "हाव" म्हणायची. गजेंद्रची बहीणही येईनाशी झाली. तिचं लग्न जमलं होतं, आणि भावाने तिला या घराची वाट बंद केली होती.

अमरावती आठवड्यावर आली, तेव्हा मनालीने पेटीतून एक गठ्ठा काढून बापापुढे ठेवला. मंजुळाच्या तेरवीच्या पत्रिका. तेरवीची पत्रिका वाचून फाडून टाकायची असते. हा उरलेला गठ्ठा फाडायचा दयारामला धीर झाला नव्हता. तेरवीच्या पत्रिकेत आपलं नाव येऊ नये म्हणून नेते फार जपतात, त्यामुळे मागची बाजू स्वच्छ होती आणि पुढच्या बाजूलाही गर्दी नव्हती.

"याच्यावर नाही," दयाराम म्हणाला.

"काऊन?"

"तिचं नाव हाय त्याच्यावर."

"आई काई सभापती होती का बाबा? तिले राग येत नाही. ते म्हणन, भोकं पाडनं झालं असन तं भांडे घासा आता."

दयारामला हसू आलं. मग बराच वेळ तो काजळ कालवत बसला. काजळ केव्हाच कालवून झालं होतं. त्याने गोल काढले. मनालीने नेम धरला, छरा सोडला, बंदूक खाली ठेवली. दयाराम पोत्यापाशी गेला.

"आठ," तो म्हणाला.

"नऊ हाय. चष्मा पुसा."

या वेळी त्याने खरंच पुसला. नऊच होते.

मनालीची अमरावतीत निवड झाली. गावाला ते कळलं नाही, कारण गाव गजेंद्रच्या बहिणीच्या लग्नाच्या तयारीत होतं. नव्या ठरावाखाली छापलेली ही पहिली पत्रिका. ती द्यायला नवरी स्वतः चोरून आली. कागद चौपदरी होता. पुढून महादेवराव आणि त्यांचे सगळे, मागून रामराव आणि त्यांचे सगळे. सुईचं टोक ठेवायला जागा नव्हती. मनालीने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, घडीत पाहिलं.

"तुह्यं नाव कुठी हाय वो?"

"नाही बसलं," ती म्हणाली. "दादा म्हणते, जागा थोडी होती. अन् नवरी कोण हाय हे गावात सगळ्यायलेच माहीत हाय, मंग छापाचं कायले?"

लग्नाला दोन तालुके लोटले. मंगलाष्टकं महादेवराव येईपर्यंत थांबली, मग रामराव येईपर्यंत पुन्हा थांबली. माईकवर एकेका मान्यवराचं स्वागत होत राहिलं. नवरी शालू सावरत उभी होती. अक्षता पडल्या आणि पंगत बसली. दयारामच्या शेजारी मोताळ्याकडचा एक पाहुणा वरण-बट्टीवर तूप ओतून घेत होता.

"लग्न कोणाकडचं हो?" दयारामने मुद्दाम विचारलं.

"महादेवरावायकडचं."

"नवरीचं नाव काय?"

पाहुण्याने वांग्याची भाजी वाढणाऱ्याला हाताने थांबवलं. "नाव कायले लागते? नवरी हाय न ते. वाढ रे, अजून वाढ."

त्या पाहुण्याला हसायचं कारण नाही. तो बिचारा एक पंगत जेवून गेला. तुम्ही या पोरीला पहिल्यापासून ओळखता. शेंगा खात ती दारात बसायची ते तुम्ही पाहिलंत. पोतंभर पत्रिका तिने आणल्या, भावासमोर मैत्रिणीची बाजू घेतली, ते पाहिलंत. महादेवराव, रामराव, कचरू पाटील, तिचा भाऊ, सगळ्यांची नावं तुमच्या लक्षात आहेत.

तिचं काय हो नाव?