सासूबाईंसाठी फ्रेंच कविता

त्या दिवशी सरळ ‘माहीत नाही’ म्हणायला माझं काय जात होतं, कोण जाणे.

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी एक पुस्तक आणलं होतं. लाल कातडी बांधणी, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, पानांच्या कडासुद्धा सोनेरी. आतला मजकूर फ्रेंच. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कपाटात ते असं काही शोभायचं, की शेजारची माझी पुस्तकं गरीब नातेवाइकांसारखी अंग चोरून उभी राहायची. सासरे आले आणि त्यांनी नेमकं तेच उचललं.

“जावईबापू, कशावर आहे हे?”

“कविता आहेत,” मी म्हणालो. (ओळी आखूड होत्या. आखूड ओळी म्हणजे कविता, एवढंच माझं साहित्याचं ज्ञान.)

“तुम्हाला फ्रेंच येतं?”

“कामापुरतं.” (मी पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून आहे. तिथे फ्रेंचचं काम अजून पडलेलं नाही.)

“मग वाचा की एखादी.”

मी एक पान उघडलं, नाकातून काहीबाही गुणगुणलो आणि अर्थ सांगितला, “प्रिये, तुझ्या डोळ्यांच्या सागरात माझं गलबत बुडालं, आणि मला तर पोहताही येत नाही.”

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “इतक्या वर्षांत हिला असलं काही म्हणायला मला सुचलं नाही,” ते म्हणाले. “आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तुम्ही हे सगळ्यांसमोर वाचायचं.”

बायको दारात उभी होती. ती तोंडाला पदर लावून आत गेली. (तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.)

वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी आधी नाकातून वाचलं, मग मराठीत. सासूबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मेव्हणीच्या कॉलेजातल्या एक बाई पुढे आल्या. त्या फ्रेंच शिकवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“बघू हं जरा,” म्हणत त्यांनी पुस्तक घेतलं. “अहो, हे खलाशांसाठी आहे. कुठल्या बंदरात जहाज कसं न्यायचं, ते दिलंय.”

“आणि ही कविता?” सासऱ्यांनी विचारलं.

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. “‘इथे तळाला चिखल आहे. नांगर टिकत नाही. बाहेरून शांत दिसतं, पण आत खडक आहेत. माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय शिरू नये.’”

सासूबाईंनी रुमालाची शांतपणे घडी घातली आणि सासऱ्यांना म्हणाल्या, “तुमच्या घराचं वर्णन अगदी बरोबर आहे. लग्नाआधी मला कोणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.”

सगळं घर हसलं. सासरेसुद्धा. मी पुस्तक काखोटीला मारून दाराच्या दिशेने सरकत राहिलो.

घरी परतताना बायको भराभर पुढे चालत होती. शेवटी मीच म्हणालो, “त्या ओळी माझ्याच होत्या. खरं सांगू, तुझ्याकडे बघूनच सुचल्या.”

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

मी विरघळलो. “कसं काय?”

“फ्रेंच माणूस इतकं वाईट लिहिणार नाही.”