इब्राहीमचाचांचा ग्रीक शब्द

इब्राहीमचाचांना फोन लावला तर ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘आवाज बोलतोय’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा घाबरून फोन ठेवतो. मीही ठेवला होता, आणि मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो.

चाचा तरुणपणी एका ग्रीक मालकाच्या बोटीवर इंजिनात कामाला होते. दिवेआगरच्या आमच्या आळीतले बरेच पुरुष तेव्हा बोटीवर नाहीतर आखातात असायचे. येताना सगळे अत्तर, ब्लँकेटं आणि टेपरेकॉर्डर आणायचे. चाचांनी वर एक ग्रीक शब्द आणला. कुठल्याशा बंदरात घरी फोन करायला रांगेत उभे असताना बोटीवरच्या ग्रीक इंजिनियरनं त्यांना सांगितलं की ‘फोन’ हा मुळात आमचा शब्द, त्याचा अर्थ आवाज. झालं! त्या एका शब्दावर चाचांनी अख्ख्या गावाला वेठीला धरलं आहे.

‘टेलिफोन म्हणजे लांबचा आवाज. मायक्रोफोन, बारीक आवाज. मेगाफोन, मोठा आवाज.’ हे ते किराणा दुकानात सांगतात, मासळी घेताना सांगतात, एस.टी.च्या कंडक्टरला सुट्टे देताना सांगतात. शेजारच्या पोरीला वाढदिवसाला झायलोफोनचं खेळणं मिळालं, तर हे आमंत्रण नसताना जाऊन ‘लाकडाचा आवाज, लाकडाचा!’ असं सांगून केक खाऊन आले. त्यांची मुलगी पनवेलहून व्हिडिओ कॉल करते, तेव्हा कॅमेऱ्यावर अंगठा ठेवतात. ‘फोन हाय ना? मग आवाज दे, बेटी. थोबाड ईदला बघू.’

ग्रामसभेत सरपंच माईकवर तावातावानं बोलत होते. चाचा मधेच उठले.

‘सरपंच, मायक्रोफोन म्हणजे बारीक आवाज. तुम्ही त्यात का वरडताव?’

पाणीपुरवठ्याचा विषय त्या दिवशी राहिला तो राहिलाच.

माझ्या वर्गावरही त्यांची धाड पडायची. खिडकीत कोपर टेकून म्हणायचे, ‘पोरांना एकेक शब्द काय पाठ करायला लावता, सर? मूळ धरा. सुपारीचा एक घोस उतरवला की शंभर सुपाऱ्या खाली येतात.’ पोरं खूश. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, जास्त राग याचा यायचा की त्यांनी सांगितलेले शब्द पोरांच्या लक्षात राहायचे आणि माझे राहत नसत.

असे चाचा एका सकाळी स्टाफरूममध्ये आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. आवाज अगदी मायक्रोफोन.

‘सर, शाळेचा मेगाफोन द्याल?’

‘कशाला? पुन्हा ग्रामसभा आहे का?’

‘तुमच्या चाचीचे कान गेले. मशीन आणलं, ती लावत न्हाय. म्हणते कानात बेडूक वरडतो. सांगा आता, माझा आवाज तिच्यापावत पोचवू कसा?’

त्यांना असं रडवेलं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. क्रीडा दिनाच्या आठवडाभर आधी परत करायच्या बोलीवर मी मेगाफोन दिला.

क्रीडा दिन दोन दिवसांवर आला तरी मेगाफोनचा पत्ता नाही. मुख्याध्यापकांनी मला धारेवर धरलं. शाळा सुटल्यावर मी तणतणत चाचांच्या वाडीत गेलो. वादळात पोफळी आडव्या झाल्यापासून ती वाडी उघडी पडली आहे, त्यामुळे दुरूनच दिसलं. ओटीवर हलीमाचाची सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. समोर अंगणात चाचा मेगाफोन तोंडाला लावून उभे.

‘हलीमा! मी खैरियतनं हाय! जेवलो! तू जेवलीस का?’

चाचींनी मान हलवली. चाचांचा चेहरा असा फुलला की मी दारात थबकलो.

‘बघा, सर! पोचला! बोटीवरनं कॅसेट पाठवायचो ना, तिची सुरुवात हाय ही.’ मग त्यांनी सांगितलं ते असं. चाचींना वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं पत्र शेजाऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची. म्हणून चाचा कॅसेटमध्ये बोलायचे. रजेवर येणारा माणूस सगळ्या आळीच्या कॅसेटी पिशवीतून आणायचा. एका बाजूला चाचा, दुसऱ्या बाजूला चाचींचं उत्तर, आणि कॅसेट पुन्हा बोटीवर. ‘ती म्हणायची, तुमचा आवाज आला की घर भरतं. तिचे कान गेले, सर, मी अजून हाय ना!’

एवढं बोलून ते डोळे पुसत चहा टाकायला आत गेले. चाचींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

‘सर, मला काय बी ऐकू येत न्हाय. त्या भोंग्यातनं पण न्हाय. पण चाळीस वर्सं तेच बोलतात, जेवलीस का. भोंगा वर गेला की मी मान हलवते. त्यांना सांगू नका हां.’

मी मान हलवली.

चाचा चहा घेऊन आले आणि चहाबरोबर मेगाफोनही पुढे केला. ‘न्या, सर. शाळेचा हाय.’

‘ठेवा,’ मी म्हणालो. ‘तो बिघडला असं सांगतो मी शाळेत.’

‘बिघडला? सर, झकास चालतो! आताच बघितलंत ना तुम्ही?’

‘बघितलं, चाचा.’

क्रीडा दिनाला मी सगळ्या शर्यती तोंडाशी हात धरून ओरडत घेतल्या आणि तीन दिवस माझा घसा बसला. चाचा कुंपणापाशी उभे राहून ‘सर, फोन कमी पडतोय!’ असं सांगत होते, ते वेगळंच.

आता रोज दुपारी एक वाजता वाडीतून हाक येते, ‘हलीमा, जेवलीस का?’ ती मशिदीपर्यंत ऐकू जाते, देवळापर्यंत जाते, माझ्या वर्गात तर फळ्यापर्यंत येते. पोरं हसतात. मी खडू खाली ठेवतो. तिकडे ओटीवर चाचींनी सुपारीवरून डोळे उचलले असतील आणि मान हलवली असेल.